तोंडाच्या कॅन्सरमध्ये अचानक रक्त आले तर

भिवंडीत यंत्रमागाच्या रात्रपाळीत तंबाखू, घरात मिश्री. राज्यात २०१२ साली गुटखाबंदी झाली, तरी तोंडाचा-घशाचा कॅन्सर आपल्या वस्त्यांत येतोच. अशा रुग्णाला अचानक रक्त आले, तर धोका किती हे डॉक्टर तीन गोष्टींवरून ओळखतात.

पहिली, श्वास मोकळा आहे का. रक्त श्वासनलिकेत गेले तर जीव गुदमरतो. दुसरी, रक्त कुठून येते. गाठीवरून झिरपणारे रक्त बहुधा आटोक्यात येते. मानेतली मोठी धमनी फुटली तर काही मिनिटांचाच अवधी असतो. तिसरी, मानेला पूर्वी शेक दिला आहे का, जखम चिघळली आहे का, कॅन्सर उलटला आहे का.

आम्हाला सांगायचे ते हे, की मोठ्या रक्तस्रावाआधी अनेकदा थोडे रक्त येते आणि आपोआप थांबते. ‘थांबले ना’ म्हणून आपण घरीच बसतो. पण इलाजाची खरी वेळ तीच असते. वेळेत मोठ्या रुग्णालयात पोचल्यास रक्तवाहिनी आतून बंद करता येते.

रुग्णाला बसवून पुढे झुकवा. मानेच्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, उचलून पाहू नका. गळ्यात नळी असेल तर ती झाकू नका. १०८ ला फोन करा, उपचाराची फाईल सोबत घ्या.

आजार शेवटच्या टप्प्यात असेल, तर अशा वेळी काय करायचे हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. गडद रंगाचे टॉवेल हाताशी असू द्या, म्हणजे रक्त पाहून रुग्ण घाबरणार नाही. आणि त्याला एकटे सोडू नका.