कमिशनची नोकरी धरण्याआधी



आपल्या इंदूरात विमा, कर्ज, प्लॉट विकायला तरुण मुलं हवीच असतात. "पगार नाही, पण कमाईला मर्यादा नाही," असं सांगतात. आपल्यातल्या बऱ्याच घरची मुलं या कामात आहेत, म्हणून हा विषय. काम वाईट नाही. पण ते माणसाला कुठे ओढतं, ते आधी समजून घ्या.

*१. जोखीम आपली.* महिना कोरडा गेला तर तोटा कंपनीचा नाही, तुमचा. पेट्रोल, मोबाइल, चहापाणी आपल्याच खिशातून. एजंट सहसा कर्मचारी धरला जात नाही. मग पगारी रजा नाही, पी.एफ. नाही. आजारपण आलं की कमाई थांबली.

*२. ओढ नव्या गिऱ्हाइकाकडे.* विम्याचंच बघा. २०१५ च्या दुरुस्तीआधी विमा कायद्यात कमिशनची साधारण कमाल मर्यादा अशी होती : पहिल्या वर्षी ३५ टक्के, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी साडेसात, पुढे ५. म्हणजे ३०,००० च्या हप्त्यावर पहिल्या वर्षी १०,५०० आणि चौथ्या वर्षी १,५००. आता नियम बदललेत, पण ओढ तीच आहे. मग सत्तरीच्या काकांनाही लांब मुदतीची पॉलिसी "एफ.डी.सारखीच आहे हो" म्हणून दिली जाते.

*३. नाती पणाला.* पहिलं टार्गेट मामा, मावशी, नाहीतर सत्संगातले ओळखीचे. ती माणसं पॉलिसी बघून नाही, तोंड बघून सही करतात. पुढे हप्ता झेपत नाही, पैसे अडकतात, आणि येणं-जाणं बंद होतं.

*४. कायद्याची बाजू.* "पहिला हप्ता मी भरतो, तुम्ही फक्त सही करा" हे सर्रास चालतं. पण कमिशनातून अशी सूट देणं विमा कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे गुन्हा आहे. दंड १० लाखांपर्यंत. शिवाय पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ग्राहक ती परत करू शकतो. हे त्याला आपणहून सांगा.

*मग करायचं काय?*
होळकरांच्या राज्यात दौलत आणि खासगी असे दोन हिशेब वेगळे असत. देवी अहिल्याबाईंनी देशभरची मंदिरं, घाट, धर्मशाळा खासगीतून उभ्या केल्या. आपणही दोन वह्या ठेवू. आलेलं कमिशन एका वहीत. त्यातून दर महिन्याला ठरलेली रक्कमच घरखर्चाच्या वहीत. चांगल्या महिन्यातलं उरलेलं कोरड्या महिन्यासाठी. सहा महिन्यांचा घरखर्च हाताशी नसेल, तर पक्का पगार सोडू नका.

*या आठवड्याचा अभ्यास :* विकायला निघताना स्वतःला विचारा, यात मला एक पैसाही मिळणार नसता, तरी हेच मी माझ्या आईला घ्यायला सांगितलं असतं का? उत्तर "नाही" आलं, तर त्या दारात जाऊ नका.

ज्यांच्या घरी मुलं या कामात आहेत, त्यांनी हे त्यांच्याजवळ बसून वाचावं. रागावू नये 🙏