स्वयंपाकघराची दुरुस्ती आणि घरच्या कारागिराचा हिशेब

जालन्याला बाहेरचे लोक दोन गोष्टींवरून ओळखतात, बियाणे आणि सळई. एमआयडीसीत भंगार येते, इंडक्शन भट्टीत वितळते, त्याचे बिलेट होतात आणि रोलिंग मिलमधून सळई बाहेर पडते. ही सळई महाराष्ट्रभर जाते. ज्या गावात लोखंड वितळते त्या गावच्या माणसाला आपण बांधकाम जाणतो असे वाटू लागते, हेही साहजिक आहे. गेल्या काही वर्षांत मिस्त्री आणि बिगारी यांची मजुरी वाढली. त्यामुळे एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या अनेकांनी सुटीच्या दिवशी घरचे काम घरीच करण्याचा सपाटा लावला आहे. त्यात स्वयंपाकघराचा ओटा सर्वात आधी येतो. काम दहा फुटांचे दिसते, पण घरातले सगळे पाणी, सगळी वीज आणि सगळी आग त्याच दहा फुटांत असते.

माझा धंदा कापडाचा. बांधकामाशी माझा संबंध दुकानाची फरशी बदलण्यापुरता. परंतु माझे एक खालाजाद भाऊ एमआयडीसीतल्या एका मिलमध्ये पाळीवर काम करतात. त्यांनी आपल्या घरी जे काम काढले ते मी पहिल्या दिवसापासून पाहिले आणि त्याचा जमाखर्चही त्यांच्या परवानगीने लिहून काढला. व्यापार करणाऱ्या वाचकांना त्यात शिकण्यासारखे बरेच आहे, म्हणून येथे मांडतो.

पहिली गोष्ट खरेदीची. दहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि तीन इंच जाडीचा सिमेंट काँक्रीटचा ओटा टाकायचा होता. आपल्याकडे सळईला अजून सुताने ओळखतात. एक इंचाचे आठ सूत. अडीच सूत म्हणजे ८ मिलिमीटर, तीन सूत म्हणजे १०, चार सूत म्हणजे १२. यात थोडी चलाखी आहे, कारण चार सूत म्हणजे खरे तर अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर होतात आणि हातात येते १२ ची. म्हणून पावतीवर सूत लिहू देऊ नये, मिलिमीटर लिहून घ्यावेत.

सळईचे वजन काढायचे सूत्र सोपे आहे. मिलिमीटरमधल्या जाडीला जाडीनेच गुणावे आणि १६२ ने भागावे. एका मीटरचे किलो मिळतात. ८ गुणिले ८ म्हणजे ६४, भागिले १६२ म्हणजे ०.३९५ किलो. सळई १२ मीटरची असते, म्हणजे एक नग ४ किलो ७४० ग्रॅमचा. मानकाप्रमाणे या जाडीला सुमारे ७ टक्के फरक चालतो. तेव्हा नग ४ किलो ४०० ग्रॅमच्या खूपच खाली भरला तर जाडीत चोरी आहे असे समजावे. नगाने घेतलेली हलकी सळई आणि वजनाने घेतलेली पूर्ण सळई यांचे दर ताडून पाहिल्याशिवाय स्वस्त-महाग ठरत नाही. कापडात आपण पन्हा न पाहता मीटरचा भाव ठरवतो का?

आता या ओट्याला सळई किती लागते ते पाहू. सहा-सहा इंचांवर लांबीच्या पाच, म्हणजे ५० फूट. आडव्या एकवीस, दोन-दोन फुटांच्या, म्हणजे ४२ फूट. एकूण ९२ फूट, म्हणजे २८ मीटर, वजन ११ किलो. बारा मीटरचे तीन नग पुरून उरतात. भाईंनी दहा नगांचे बंडल आणले, कारण बंडलला भाव बरा मिळाला. सात नग, सुमारे ३३ किलो, गच्चीवर पडून राहिले. पुढे भंगारवाल्याने भंगाराच्या दराने तोलून नेले. ते बहुधा पुन्हा त्याच एमआयडीसीच्या भट्टीत गेले असतील.

वाळूचेही तसेच झाले. ब्रास म्हणजे १०० घनफूट. ओट्याच्या काँक्रीटला वाळू लागते दोन घनफुटांच्या आसपास. विटांचे पाये, प्लास्टर आणि टाइल्सचा माल धरला तरी ट्रॉली मागवण्याचे कारण नव्हते. गोणीने वाळू विकणारे दुकानदार असतात. गोणीचा दर महाग वाटतो, पण गल्लीत पडलेल्या वाळूचा निम्मा भाग गटारात जातो आणि उरलेला मांजरांच्या उपयोगी पडतो. आमच्या दुकानात आम्ही याला 'मेलेला माल' म्हणतो. सवलतीच्या दराने घेतलेला नको असलेला माल हा जगातला सर्वात महाग माल आहे.

पाणी जास्त, ताकद कमी

काँक्रीटचे प्रमाण एक सिमेंट, दीड वाळू, तीन खडी. सिंकची जागा सोडली तर एवढ्या ओट्याला जवळपास एक गोणी सिमेंट लागते. ५० किलोच्या गोणीला पाणी साधारण २५ लिटर. येथे घरचा कारागीर हमखास फसतो. घट्ट माल फावड्याला जड जातो, म्हणून तो पाणी ओततो. माल लोण्यासारखा पसरतो, मन खूश होते. परंतु जादा पाणी उडून गेल्यावर मागे बारीक पोकळ्या राहतात आणि ओटा कमजोर होतो. दुसरे असे की सिमेंट अर्ध्या तासानंतर केव्हाही घट्ट होऊ लागते. सगळा माल एकदम कालवून मग सळई बांधायला बसले तर अर्धा माल घमेल्यातच बसतो.

टीएमटी सळईबद्दल एक सूचना येथेच देतो. मिलमधून लाल निघालेल्या सळईवर पाण्याचा जोरदार मारा करतात. त्यामुळे वरची साल कडक होते आणि आतला गाभा चिवट राहतो. ती पुन्हा तापवून वाकवली की ही सगळी मेहनत वाया जाते. वाकवायची ती थंडच वाकवावी. कटपीस जोडून वापरायचे असतील तर दोन तुकडे एकमेकांवर जाडीच्या ५० पट, म्हणजे ८ मिलिमीटरला ४० सेंटिमीटर, चढवून तारेने बांधावेत. नुसते टोकाला टोक लावून भागत नाही.

काँक्रीट टाकल्यावर किमान सात दिवस ते ओले राहिले पाहिजे, उन्हाळ्यात दहा दिवस. जालन्यात नळाला पाणी रोज येत नाही, आणि २०१२-१३ च्या दुष्काळात या जिल्ह्याने टँकरमागे कसे धावावे लागते ते पाहिले आहे. तेव्हा मे महिन्यात असे काम काढणाऱ्याने पाण्याचा हिशेब आधी करावा. बादल्यांनी पाणी मारण्यापेक्षा भिजवलेले गोणपाट पसरून वर प्लास्टिकचा कागद अंथरावा. पाणी फार थोडे लागते. खालचे टेकूही सात दिवस काढू नयेत. आमच्या भाईंनी ते चौथ्या दिवशी काढले, कारण फळ्या भाड्याच्या होत्या आणि भाडे चढत होते. सिंकच्या कोपऱ्याला केसासारखी चीर पडली. ती अजून तेथेच आहे. वरून ग्रॅनाईट बसल्यामुळे दिसत नाही इतकेच.

सिंकच्या बाबतीत तर उलटी गंगा झाली. ओटा आधी, सिंक नंतर. भोक सोडले होते अंदाजाने, आणि बाजारात आवडलेले सिंक निघाले दोन इंच मोठे. मग छिन्नी, मग धूळ, मग शेजाऱ्यांची तक्रार. सिंक, शेगडी आणि फिल्टर या वस्तू घरात येऊन पडल्याशिवाय एक वीटही हलवू नये. शिंपी कापड कापण्याआधी माणूस समोर उभा करतो, नुसत्या चिठ्ठीवर कात्री चालवत नाही.

सांडपाण्याच्या पाइपला दर फुटाला दोन सूत, म्हणजे पाव इंच उतार द्यावा. सिंकखालच्या वाकड्या ट्रॅपमध्ये थोडे पाणी नेहमी साठून राहते. तेच गटाराचा वास आणि झुरळे अडवते. ट्रॅप वाचवून सरळ पाइप जोडला की महिनाभरात घरभर वास सुटतो. भिंतीतल्या पाइपवर टाइल लावण्याआधी नळ बंद करून एक रात्र पूर्ण दाब सोडून पाहावा. एक रात्र थांबण्याचा कंटाळा केला तर टाइल फोडण्याची पाळी येते. विजेची नळीही याच वेळी टाकून घ्यावी. ओव्हनसाठी १६ अँपिअरची जागा वेगळ्या वायरवर असावी. विजेचे काम आणि गॅसचे काम मात्र परवानाधारकाकडूनच करून घ्यावे. आमच्या शाळेत मौलवीसाहेब सांगत, नीम हकीम खतरा-ए-जान. तेव्हा आम्ही हसत असू.

गॅसबद्दल थोडे अधिक लिहिणे भाग आहे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळाला तर वर न जाता जमिनीवर साचतो. म्हणून सिलिंडरच्या कपाटाला खालच्या बाजूला जाळी हवी. फक्त वरची खिडकी उघडी ठेवून उपयोग नाही. दुरुस्तीच्या दिवसांत शेगडी आणि सिलिंडर उचलून झोपण्याच्या खोलीत नेतात, हा प्रकार मी तीन घरांत पाहिला. काम आठ दिवसांचे म्हणून निघते आणि महिना होतो. तितके दिवस लेकरे सिलिंडरशेजारी झोपतात. ओसरीवर, हवेशीर जागी चूल मांडण्याची सोय झाल्याशिवाय काम काढू नये. रमजानच्या तोंडावर तर मुळीच नको, कारण सहरीची वेळ मिस्त्रीच्या वायद्यावर थांबत नाही.

टाइल्सबद्दल कापडवाल्याचा एक अनुभव येथे लागू पडतो. एकाच रंगाची दोन थाने वेगळ्या लॉटची असली तर उन्हात फरक दिसतो. टाइल्सचेही तसेच आहे. खोक्यावर शेडचा आणि बॅचचा नंबर छापलेला असतो. सगळी खोकी एकाच नंबरची घ्यावीत आणि दहा टक्के जादा घ्यावीत. कमी पडलेल्या चार टाइल्स महिन्याने आणायला गेलात तर तोच नमुना वेगळ्या छटेत मिळेल. भिंतीच्या साध्या सिरॅमिक टाइल्स सिमेंटने लावण्यापूर्वी पाण्यात भिजवतात, कारण त्या पाणी शोषतात. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही, तिला साधे सिमेंट नीट धरत नाही, चिकटवण्याचा खास माल लागतो. ओट्यावर कडप्पा की ग्रॅनाईट, असे विचाराल तर कडप्पा स्वस्त आणि टिकाऊ आहे, पण तो चुन्याच्या जातीचा दगड. लिंबू, चिंच, व्हिनेगर सांडले की डाग पडतो. ग्रॅनाईटला ही भीती नाही. कपाटांसाठी प्लायवूड घेताना आयएस ७१० हा शिक्का पाहावा. 'एमआर' लिहिलेला प्लाय दमट हवेपुरता ठीक, सिंकखाली तो फुगतो.

ओटा कोणाच्या मापाचा?

जर्मनीत १९२६ मध्ये मार्गारेटे शुटे-लिहोट्स्की नावाच्या महिला वास्तुविशारदाने फ्रँकफर्ट शहरातील कामगार वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखले. ते केवळ १.९ मीटर गुणिले ३.४ मीटरचे होते. रेल्वेच्या डब्यातील छोट्या स्वयंपाकघराचा नमुना समोर ठेवून, बाईला किती पावले चालावे लागते याची वेळ मोजून प्रत्येक वस्तूची जागा ठरवली होती. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बसवली गेली. आजचे सगळे मॉड्युलर किचन त्याच वंशातले. घरी नेऊन स्वतः जोडायच्या फर्निचरने मोठी झालेली स्वीडनची आयकिया कंपनी (स्थापना १९४३) २०१८ मध्ये हैदराबादला आली, तेव्हा तिलाही येथे जोडणी करून देणाऱ्या माणसांची सोय ठेवावी लागली. आपल्या देशात कारागीर हाताशी आहे, आणि त्याच्या हाताला किंमत आहे, हे त्या मोठ्या कंपनीनेही ओळखले.

आमच्या भाईंच्या ओट्याची उंची झाली ३७ इंच. भाई सहा फुटांचे, त्यांनी स्वतः उभे राहून खूण केली. भाभींची उंची पाच फुटांच्या आत. काम संपल्यावर आम्ही पाहायला गेलो तेव्हा भाभी म्हणाल्या, "भाईजान, ओटा मजबूत झालाय, अल्लाहचे शुक्र आहे. पण पोळी लाटताना खांदा दुखतो." त्या पाटावर उभ्या राहून पोळ्या लाटत होत्या. एका हातात गरम तवा आणि पायाखाली हलणारा पाट! बाजारात ३३-३४ इंच चालतात, तरी तेही माप सर्वांना बसत नाही. जी स्वयंपाक करते तिला घरातल्या चपला घालून उभी करावी, हात कोपरात वाकवायला सांगावे आणि कोपराच्या चार-पाच इंच खाली खूण करावी. खालची फरशी बदलणार असाल तर तिची जाडी आधी धरावी. ही खूण करायला दोन मिनिटे लागतात. भाईंना ती चुकल्यामुळे आता खालची जमीन तीन इंच वर घ्यावी लागणार आहे, आणि त्या पायी दरवाजाही कापावा लागेल.

मजुरीचा हिशेब शेवटी असा निघाला. मिस्त्री आणि एक बिगारी यांनी हे काम सहा-सात दिवसांचे सांगितले होते. भाईंना रविवार आणि पाळीनंतरचे तास धरून सात आठवडे लागले, आणि अकरा दिवस बिनपगारी रजा. त्या अकरा दिवसांचा पगार खात्यात मांडला तेव्हा वाचलेल्या मजुरीतले फारसे काही उरले नाही. जुना ओटा फोडणे, मलबा उचलणे, टाइल्समधल्या फटी भरणे, रंग देणे, माल स्वतः पारखून आणणे ही कामे त्यांनी उत्तम केली, आणि तेवढ्यात खरी बचत झाली. काँक्रीट, उतार आणि ग्रॅनाईटची कड ही तीन कामे मिस्त्रीकडे दिली असती तर रजा पडल्या नसत्या.

एक काम मात्र भाईंनी असे केले की मिस्त्रीही करीत नाहीत. टाइल लावण्यापूर्वी भिंतीतला प्रत्येक पाइप आणि वायरची नळी कोपऱ्यापासून किती इंचांवर, जमिनीपासून किती इंचांवर, हे वहीच्या पानावर आखून त्यांनी ते सिंकखालच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवले आहे. गेल्या महिन्यात पाणी गाळण्याचे यंत्र बसवायला आलेल्या मुलाने ते पान पाहूनच भिंतीला ड्रिल लावले.