आपण जिंकलो, ते हरले!

भारताचा क्रिकेटचा सामना झाला की दुसऱ्या दिवशी शाळेत जरा कान देऊन ऐका. सामना जिंकलेला असेल तर मधल्या सुटीत ऐकू येते, "काल आपण जिंकलो!" हरलेला असेल तर तीच मुले म्हणतात, "काल ते हरले. त्यांना खेळताच येत नाही." संघ तोच, बोलणारा मुलगाही तोच. बदलले ते फक्त सर्वनाम! अहमदपुरात घरी बसून सामना पाहणाऱ्या मुलाने ना बॅट हातात धरली, ना चेंडू. मग जिंकताना तो 'आपण'मध्ये शिरतो कसा, आणि हरताना त्यातून बाहेर पडतो कसा?

हा प्रश्न मानसशास्त्रज्ञांनाही पडला होता. रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील सात विद्यापीठांत एक साधे निरीक्षण केले. तिथे चेंडू हातात घेऊन पळण्याचा एक वेगळाच फुटबॉल खेळतात. शनिवारी सामना झाला की सोमवारी वर्गात किती विद्यार्थी आपल्या विद्यापीठाचे नाव किंवा चिन्ह असलेले कपडे घालून येतात, हे त्यांनी मोजले. संघ जिंकल्यानंतरच्या सोमवारी असे कपडे जास्त दिसले. पुढे त्यांनी दूरध्वनीवरून विद्यार्थ्यांना सामन्याची हकीकत विचारली. विजयाची हकीकत सांगताना 'आम्ही' हा शब्द जास्त वेळा आला, पराभवाची सांगताना कमी. हे संशोधन १९७६ साली प्रसिद्ध झाले.

चंद्राला स्वतःचा प्रकाश नसतो, तो सूर्याच्या प्रकाशाने उजळतो, हे तुम्ही भूगोलात शिकला आहात. चाहत्याचेही तसेच आहे. संघाच्या यशाचा उजेड तो आपल्या अंगावर घेतो. आणि संघ हरू लागला की त्याच्यापासून अंग काढून घेतो. या दुसऱ्या वृत्तीचा अभ्यास स्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये मांडला.

एखाद्या सामन्यातल्या पराभवाचे दुःख चार दिवसांत विरते. पण जो संघ वर्षानुवर्षे जिंकत राहिला तो घसरतच गेला, तर त्याच्या चाहत्यांनी काय करावे? याचे एक चांगले उदाहरण आपल्या शेजारच्या गोव्यात आहे. आपल्याकडे गल्लीगल्लीत क्रिकेट, तसा गोव्यात वाड्यावाड्यांवर फुटबॉल. तिथल्या डेंपो स्पोर्ट्स क्लबची ही गोष्ट आहे.

डेंपोची आठ वर्षे

भारतातील क्लबांची राष्ट्रीय साखळी स्पर्धा आधी नॅशनल फुटबॉल लीग या नावाने होत असे. २००७ पासून ती आय-लीग झाली. २००४-०५ ते २०११-१२ या आठ हंगामांत या स्पर्धेचे विजेते कोण होते ते पाहा :

२००४-०५ : डेंपो
२००५-०६ : महिंद्र युनायटेड
२००६-०७ : डेंपो
२००७-०८ : डेंपो
२००८-०९ : चर्चिल ब्रदर्स
२००९-१० : डेंपो
२०१०-११ : साळगावकर
२०११-१२ : डेंपो

आठांपैकी पाच विजेतेपदे! पाचही वेळा प्रशिक्षक होते आर्मांदो कुलासो. आणि त्यानंतर? तीनच वर्षांनी, २०१४-१५ च्या हंगामाअखेर, डेंपो आय-लीगमधून खालच्या श्रेणीत गेला.

अशा वेळी चाहते सहसा दोनांपैकी एक वाट धरतात. काही जण 'आपण'चे 'ते' करून मोकळे होतात. बाकीचे गुन्हेगार शोधू लागतात. "प्रशिक्षक बदलला म्हणून", "खेळाडूंना गर्व झाला म्हणून". विज्ञानाचा विद्यार्थी मात्र आधी हिशेब मांडतो. घसरणीत नशिबाचा वाटा किती, माणसांचा किती आणि मैदानाचा किती, हे तो वेगवेगळे करून पाहतो.

नशिबाचा वाटा : एक प्रयोग

हा प्रयोग वर्गात करून पाहा. शिक्षकांनीही त्यात भाग घ्यावा. समजा वर्गात ४० मुले आहेत. प्रत्येकाने एक नाणे दहा वेळा उडवावे आणि किती वेळा छापा पडला ते लिहून ठेवावे. सरासरी पाचच्या आसपास येईल. पण ७ किंवा त्याहून जास्त छापे मिळालेली साधारण सात मुले निघतील. ३ किंवा त्याहून कमी छापे मिळालेलीही साधारण तेवढीच असतील. आता शिक्षकांनी पहिल्या गटाला शाबासकी द्यावी आणि दुसऱ्या गटाला चांगले रागवावे. मग सर्वांनी पुन्हा दहा वेळा नाणे उडवावे.

काय दिसेल? शाबासकी मिळालेला गट बहुधा खाली येईल आणि रागावलेला गट वर चढेल. मग शाबासकीने मुले बिघडली आणि रागावल्याने सुधारली म्हणायचे काय? नाण्याला ना शाबासकी कळते, ना राग. पहिल्या फेरीत त्या मुलांना निव्वळ योगायोगाने सरासरीपेक्षा फार जास्त किंवा फार कमी मिळाले होते. दुसऱ्या फेरीत योगायोग सर्वांना पुन्हा सारखाच वाटला गेला, म्हणून दोन्ही गट सरासरीजवळ आले. याला 'सरासरीकडे परतणे' म्हणतात. इंग्लंडमधील फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये ९२८ प्रौढ मुलामुलींच्या उंचीची त्यांच्या आईवडिलांच्या उंचीशी तुलना करून हे दाखवले. फार उंच आईवडिलांची मुले उंचच होती, पण सरासरीने पाहता आईवडिलांइतकी उंच नव्हती.

तुम्ही म्हणाल, फुटबॉल म्हणजे काही नाणेफेक नव्हे. बरोबर आहे. डेंपोच्या यशात कौशल्य भरपूर होते. पण शिखरावर पोहोचायला कौशल्याबरोबर थोडी अनुकूल हवाही लागते. २००७-०८ च्या आय-लीगमध्ये डेंपो आणि चर्चिल ब्रदर्स यांचे गुण सारखेच झाले होते. एखादा चेंडू खांबाला लागून आत जाण्याऐवजी बाहेर गेला असता, तर वरच्या यादीतील एक नाव बदलले असते.

आता थोडे गणित करू. समजा एक संघ इतका बलाढ्य आहे, की दहा-चौदा संघांच्या स्पर्धेत एकट्याची जिंकण्याची संभवनीयता निम्मी आहे. असा संघ आठ वर्षांत सरासरीने चार वेळा जिंकेल. सलग आठही वर्षे जिंकण्याची संभवनीयता मात्र २५६ मध्ये १ एवढीच! क्रिकेटमध्ये मुंबईने १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग १५ वेळा रणजी करंडक जिंकला. दरवर्षी जिंकण्याची संभवनीयता दहात नऊ धरली, तरी सलग १५ वेळा जिंकण्याची संभवनीयता जेमतेम पाचात एक येते. (०.९ ला ०.९ ने गुणत जा आणि पडताळून पाहा.) म्हणजे अशी मालिका कधीतरी तुटणार हे ठरलेलेच असते. मुंबईचीही तुटली. पुढे २०१५-१६ मध्ये ४१ वे विजेतेपद मिळाल्यावर ४२ व्यासाठी मुंबईला २०२३-२४ पर्यंत थांबावे लागले.

माणसांचा वाटा

पण डेंपोची सगळी घसरण 'सरासरी' या शब्दात बसत नाही. सरासरीकडे परतलेला संघ दुसरा-तिसरा-चौथा येतो. खालच्या श्रेणीत जात नाही. तेव्हा आणखी कारणे शोधली पाहिजेत.

२०११-१२ च्या हंगामात डेंपोच्या रँटी मार्टिन्सने आय-लीगमध्ये ३२ गोल केले. त्यानंतर तो कोलकात्याच्या प्रयाग युनायटेडकडे गेला. ज्याच्या पायावर एवढे गोल येत होते तो माणूसच गेला, तर फरक पडणारच. शिवाय एकत्र खेळून घडलेला संघ एकत्रच वयस्क होतो. आठ वर्षांत पंचविशीतला खेळाडू तेहतीस वर्षांचा होतो. धावण्याचा वेग, दुखापत भरून येण्याचा वेळ, सगळे बदलते. खेळाडूला अनुभव येतो तो याच वर्षांत. पण त्या अनुभवाची किंमत शरीर मोजते.

मैदानाचा वाटा

तिसरे कारण संघाच्या बाहेर होते. खेळण्याचे मैदानच बदलत गेले. २०१३ मध्ये स्थापन झालेला बंगळूर एफसी पहिल्याच हंगामात आय-लीग जिंकून गेला. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग ही नवी स्पर्धा सुरू झाली. मोठे प्रायोजक, दूरदर्शन वाहिन्या आणि प्रेक्षक तिकडे वळले.

डेंपोने मात्र खाली गेल्यावर हार मानली नाही. २०१५-१६ मध्ये द्वितीय श्रेणी जिंकून तो परत वर येण्यास पात्र ठरला. पण २०१६ मध्ये महासंघाने स्पर्धांची नवी रचना मांडली. तीत वरचे स्थान इंडियन सुपर लीगला होते आणि खेळून तिथे चढण्याची वाट नव्हती. याच्या निषेधार्थ डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिन्ही गोमंतकीय क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. मैदानावर जिंकलेली जागा अशा रीतीने मैदानाबाहेर गेली. वरच्या यादीतील मुंबईचा महिंद्र युनायटेड हा संघ तर २०१० मध्येच बंद झाला होता.

आता तीन कारणांमधला फरक पाहा. नशिबाचा वाटा आपोआप भरून येऊ शकतो. माणसांचा वाटा भरून काढायला नवे खेळाडू घडवावे लागतात. मैदान बदलले असेल तर नुसती वाट पाहून उपयोग नसतो.

हा फरक आपल्या भागातल्या लोकांना समजावून सांगायला नको. फार वाईट पावसाळ्यानंतरचा पावसाळा बहुधा तितका वाईट नसतो. पण 'बहुधा' म्हणजे हमी नव्हे. मराठवाड्यात २०१४ नंतर २०१५ लाही पाऊस कमीच पडला आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात चांगला पाऊस झाला. आकाशातला पाऊस असा परत फिरला. पण भूजल उपशाने खोल गेले असेल, तर ते एका पावसाने वर येत नाही. तिथे माणसालाच हात चालवावे लागतात. संघाचेही तसेच आहे.

मग चाहत्यांनी काय करावे?

हिशेब मांडला म्हणून दुःख नाहीसे होत नाही. पण त्याला योग्य जागा मिळते. ज्या प्रशिक्षकाचा दोष नाही त्याला शिव्या बसत नाहीत. आणि जे खरोखर चुकले आहे ते नशिबाच्या नावावर खपत नाही.

आणखी एक गोष्ट संशोधनातून दिसते. डॅनियल वॉन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने चाहत्यांचा अनेक वर्षे अभ्यास केला. आपल्या गावच्या संघाशी ज्यांचे घट्ट नाते असते त्यांना एकटेपणा कमी जाणवतो, असे त्यांना आढळले. आणि संघ जिंकतो की हरतो यावर हा फायदा फारसा अवलंबून नसतो. म्हणजे चाहत्याला जे मिळते ते करंडकातून नव्हे, तर शेजारी बसलेल्या माणसांमुळे मिळते. करंडक दुसऱ्या गावी गेला तरी शेजारचा माणूस तिथेच असतो. ज्याने 'आपण' सोडून 'ते' म्हटले, त्याने पराभवाबरोबर हेही सोडले.

डेंपोच्या गोष्टीला पुढे आणखी एक वळण आले. खालच्या स्पर्धांतून वाट काढत २०२४-२५ मध्ये हा क्लब पुन्हा आय-लीगमध्ये खेळला. आय-लीग तोवर देशातील दुसऱ्या श्रेणीची स्पर्धा झाली होती, तेव्हा जुने वैभव आले असे म्हणता येणार नाही. पण इतकी वर्षे वाट पाहिलेल्या चाहत्याला त्या दिवशी 'आपण आलो' म्हणण्याचा अधिकार होता. मधल्या वर्षांत 'ते' म्हणणाऱ्याला तो नव्हता.

आता आपल्या वर्गाकडे वळू. सहामाहीला पहिला आलेला मुलगा वार्षिक परीक्षेत चौथा आला, की आपण म्हणतो, "याच्या डोक्यात हवा गेली." नापास झालेला रागावल्यावर पास झाला, की म्हणतो, "छडीशिवाय विद्या नाही." नाण्यांचा प्रयोग आठवा! आधी नशिबाचा वाटा वजा करा, मगच माणसाला बोल लावा. आणि तुमचा मित्र घसरला तर त्याच्या बाबतीत 'तो' म्हणायचे की 'आपण', हेही त्याच वेळी ठरवा.

विचार करा

१. नाण्यांच्या प्रयोगात दोन्ही गटांची दुसऱ्या फेरीतील सरासरी काढा. वर्ग मोठा असेल तर उत्तर पाचच्या अधिक जवळ येईल का?

२. आपल्या तालुक्यातील एखाद्या जुन्या कबड्डी, खो-खो किंवा व्हॉलीबॉल संघाची माहिती मोठ्या माणसांकडून मिळवा. त्याच्या चढउतारात नशीब, माणसे आणि मैदान यांचे वाटे कोणते होते?

३. पुढच्या सामन्यानंतर वर्गातील मुलांच्या बोलण्यात 'आपण' किती वेळा आणि 'ते' किती वेळा येते ते मोजा. स्वतःचे बोलणे मोजायला विसरू नका!