नकार लेखी मागा

रस्त्यावर हातगाडी किंवा पथारी लावण्यासाठी महापालिकेचा परवाना मिळवू पाहणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: परवाना मागताच आहात, तर नकारही लेखी मागा. या कामासाठी कार्यालयाचे उंबरे झिजवल्यावर माझं ठाम मत झालं आहे, की या व्यवहारात वसुली कागदावर होते आणि नकार तोंडी दिला जातो. ‘सध्या परवाने बंद आहेत’, ‘सर्व्हे झाल्यावर या’, ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ असं सांगून माणसाला परत पाठवलं जातं आणि दफ्तरात त्याच्या येण्याची कुठेही नोंद राहत नाही. पुढे अतिक्रमण विभागाची गाडी माल उचलते, तेव्हा तेच कार्यालय विचारतं, ‘अर्ज केला होता का?’ या प्रश्नाचा मला आजही संताप येतो. अर्ज घ्यायचा नाही आणि अर्ज नाही म्हणून माणसाला बेकायदा ठरवायचं, हा उघड अन्याय आहे.

कायद्यात अशी गत नाही. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणाचा केंद्रीय कायदा 2014 साली आला. त्यानुसार नगर पथविक्रेता समितीने शहरातल्या विक्रेत्यांचं सर्वेक्षण करायचं, त्यात सापडलेल्यांना लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांच्या मर्यादेत सामावून घ्यायचं आणि विक्री प्रमाणपत्र द्यायचं. पाच वर्षांतून किमान एकदा नवं सर्वेक्षण व्हायला हवं. सर्वेक्षण पुरं होऊन प्रमाणपत्रं वाटली जाईपर्यंत कुणाला हटवू नये, असंही त्यात स्पष्ट म्हटलं आहे. समितीत किमान चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनी निवडून दिलेले असले पाहिजेत आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया. आता मुंबईचं उदाहरण घ्या. तिथे 2014 च्या सर्वेक्षणात सुमारे 99 हजार अर्ज आले. समितीच्या निवडणुकीसाठी मतदान झालं ते थेट ऑगस्ट 2024 मध्ये आणि मतदार यादी होती सुमारे 32 हजारांची. म्हणजे ‘सर्व्हे झाल्यावर या’ या वाक्याचा अर्थ दहा वर्षं असाही होऊ शकतो. तेवढा काळ पोट थांबत नाही, म्हणून माणूस कागदाविना उभा राहतो आणि मग त्याच्यावरच बोट ठेवलं जातं.

सगळ्यात मोठी फसगत पावतीची. दंडाची किंवा सफाई शुल्काची पावती फाडली, की अनेकांना वाटतं आपण रीतसर झालो. ती पावती नीट वाचा. रक्कम असते, तारीख असते, पुस्तक क्रमांक असतो. नावाच्या जागी नुसतं ‘फेरीवाला’, जागेचा उल्लेख असलाच तर अर्धवट, आणि धंदा कोणता याचा पत्ता नाही. असा कागद परवाना ठरत नाही आणि पैसे घेणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. तरीही पावत्या फेकू नका. आपण या भागात किती काळापासून धंदा करतो हे दाखवायला सर्वेक्षणाच्या वेळी त्याच उपयोगी पडतात. मात्र पैसे घेतानाच नाव आणि चौकाचं नाव लिहून मागा. यंत्रातून निघालेल्या पावतीची लगेच झेरॉक्स काढा. त्या कागदावरची अक्षरं उडतात आणि पुढे हाती कोरी चिठ्ठी उरते.

यावर एक आक्षेप हमखास येतो: पदपथ चालणाऱ्यांचे आहेत, सगळ्यांना परवाने दिले तर लोकांनी जायचं कुठून? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच कायद्याने मर्यादा घातली आहे, ना-फेरीवाला क्षेत्रांची सोय ठेवली आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयाने 2017 मध्ये रेल्वे स्थानकांपासून दीडशे मीटरच्या आत विक्रीला मनाई केली. पण शिस्त लागते ती नोंदीमुळे. ज्याच्याकडे प्रमाणपत्र आहे त्याला जागा, वेळ आणि अटी बांधून देता येतात आणि मोडल्या तर कारवाईही करता येते. नोंद नसलेला माणूस उरतो तो फक्त हप्ता घेणाऱ्याच्या सोयीचा. दुसरा आक्षेप कर्मचाऱ्यांवरच्या ताणाचा. पण नकाराचं एक वाक्य लिहायला जितका वेळ लागतो, त्यापेक्षा जास्त वेळ त्याच माणसाला पुन्हा पुन्हा परत पाठवण्यात जातो. तिसरी भीती विक्रेत्यांची: लेखी मागितलं तर साहेब डूख धरतील. ही भीती खोटी नाही. म्हणूनच एकट्याने भिडू नका, संघटनेमार्फत जा.

आता करायचं काय, ते नीट ऐका. अर्ज खिडकीवर हातात देऊन येऊ नका. आवक-जावक विभागात द्या आणि आपल्या प्रतीवर तारखेचा शिक्का व आवक क्रमांक घ्या. तिथेही घेतला नाही तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा. विषय एकच ठेवा, मजकूर दीडशे शब्दांच्या आत बसवा आणि ‘माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर कोणती कार्यवाही झाली’ एवढंच विचारा. माल उचलला तर सहीची यादी तिथेच मागा. दंड भरून माल मागितल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत परत द्यायचा असतो. खाद्यपदार्थ विकणार असाल तर अन्न नोंदणी वेगळी करावी लागते, हे खिडकीवर आपणहून कुणी सांगत नाही. प्रमाणपत्र मिळालं तर ते भाड्याने देऊ नका, ते रद्द होतं. दलालाला पैसे देऊ नका. धीर धरा, हेही सांगायचं असतं म्हणून सांगते, पण नुसत्या धीराने काही हलत नाही. लेखी नकाराविरुद्ध अपील करता येतं, तक्रार निवारण समितीकडे जाता येतं, न्यायालयात तो दाखवता येतो. तोंडी नकाराविरुद्ध दाद मागायला गेलं, की अधिकारी ‘मी असं म्हणालोच नाही’ म्हणून मोकळे होतात. त्यांना ती मोकळीक देऊ नका.