मुंगीची अळी कशी ओळखावी

बांध खणताना तांदळाच्या दाण्यांसारखा पांढरा पुंजका निघाला की पुष्कळ शेतकरी बंधू वाळवी समजून त्यावर औषध ओततात. आम्हीही एकेकाळी तेच करीत होतो. परंतु मुंगी ही वाळवीची वैरीण होय. म्हणून आधी पाय पाहावेत. वाळवीच्या पिलास ६ पाय असतात व ते चालते. मुंगीच्या अळीस पाय मुळीच नसतात. मस्तकामागे तिच्या शरीराची १३ वलये व श्वासरंध्रांच्या १० जोड्या असतात. मल पोटातच साठतो व कोशावस्थेच्या सुमारास एकदाच बाहेर पडतो.

अळ्यांवरून मुंग्यांचे वर्गीकरण करण्याचे कष्ट अमेरिकेतील जॉर्ज व जेनेट व्हीलर या दांपत्याने घेतले. त्यांचा समग्र ग्रंथ १९७६ साली निघाला. शरीराचा आकार, केसांची ठेवण व जबड्याची घडण ही त्यांतील मुख्य गमके होत.

आंब्यावर पाने जोडून घर करणाऱ्या तांबड्या मुंगीची रीत तर नवलाचीच. कामकरी मुंगी अळीस तोंडात धरून धोट्याप्रमाणे इकडून तिकडे फिरविते व अळीच्या मुखातून निघणाऱ्या रेशमाने पाने सांधते. सारे रेशीम घरासाठीच खर्ची पडत असल्यामुळे या अळीस स्वतःभोवती कोश विणता येत नाही.