पहिल्या पसंतीच्या ओळीत काय लिहायचं

पोरी, दहावीचा निकाल लागल्यापासून तुझ्या आईचे मला तीन फोन आले. आयटीआयचा अर्ज भरायचाय, मामाला विचार, म्हणते. ३१ वर्षं मी फिटर ट्रेडला निदेशक होतो, तेव्हा जे शेकडो पोरांच्या आईबापांना टेबलापलीकडून सांगितलं तेच तुला सांगतो.

आधी पसंतीक्रम, कारण पोरांचं वर्ष जातं ते तिथेच. राज्यातल्या सगळ्या शासकीय आयटीआयचे प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या एकाच ऑनलाइन अर्जावर होतात आणि गुणवत्ता यादी दहावीच्या गुणांवर लागते. नुसता अर्ज भरला की काम झालं असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. अर्ज निश्चित केल्यावर कोणती संस्था आणि तिथला कोणता ट्रेड, हे विकल्प क्रमाने भरावे लागतात. पहिल्या फेरीत तुला पहिल्या क्रमांकाचीच जागा मिळाली तर ती घ्यावीच लागते. नाही घेतली तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून तुझं नाव बाद. आपल्या वाडीवरच्या एका पोराने नेट कॅफेवाल्याच्या सांगण्यावरून घराजवळचा, नको असलेला ट्रेड पहिल्या ओळीत टाकला. मिळणार नाही, मिळाला तर सोडून देऊ, असा त्याचा हिशेब. पहिल्याच यादीत तो ट्रेड लागला. पोरगं गेलं नाही आणि ते वर्ष त्याने वीटभट्टीवर काढलं. म्हणून जे मिळालं तर उद्याच्या उद्या फी भरशील, तेच पहिल्या ओळीत लिही. विकल्प स्वतः भर, प्रिंट काढ, रात्री घरी सगळ्यांसमोर मोठ्याने वाच आणि मगच कायम कर.

तुला इलेक्ट्रिशियन हवंय. चांगलं आहे. मुलींना ३० टक्के जागा राखीव असतात. इलेक्ट्रिशियनच्या एका युनिटमध्ये २० जण, म्हणजे साधारण ६ जागा मुलींच्या. शहरातल्या आयटीआयचा कटऑफ जड जातो, तालुक्याचा त्यामानाने हलका. गेल्या वर्षीच्या याद्या बघून ठरव. एक मात्र पक्कं धर, ट्रेड दोन वर्षांचाच घे. इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे दोन वर्षांचे. कोपा म्हणजे संगणकाचा ट्रेड आणि वेल्डर एका वर्षाचे. एका वर्षाचा ट्रेड वाईट असतो असं नाही, पण दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. ते दार आज कशाला बंद करायचं?

पसंती भरण्याआधी आईला घेऊन संस्था बघून ये. इमारत बघू नकोस, वर्कशॉप बघ. वायरिंगच्या फळ्यांवर पोरांचे हात चालताहेत का, मोटर उघडून बसलंय का कोणी, की यंत्रांवर धूळ आहे, हे दारातूनच कळतं. तुझ्या ट्रेडला निदेशक नेमलेला आहे की दुसऱ्या ट्रेडचा माणूस दोन्हीकडे बघतो, हे सरळ विचार. मुलींचं स्वच्छतागृह उघडं आहे का, तेही बघ. आणि सुटीच्या वेळी एसटी स्टँडवर दुसऱ्या वर्षाच्या पोरींना गाठ. मागच्या बॅचच्या मुली कुठे लागल्या हे त्या जेवढं खरं सांगतील तेवढं कोणतंही माहितीपत्रक सांगणार नाही.

पैशांचं म्हणशील तर शासकीय आयटीआयची फी दावणीच्या एका शेळीत निघेल. खाजगी संस्थेची निघणार नाही. खरा खर्च रोजचा असतो. जाण्यायेण्याचा, गणवेशाचा, सेफ्टी बुटांचा, वह्या आणि ड्रॉइंगच्या सामानाचा. एसटीच्या विद्यार्थी मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत आहे, तो पहिल्याच आठवड्यात काढ. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि लागत असेल तर नॉन क्रिमीलेअर आत्ताच तहसीलला टाक. प्रवेशाच्या गर्दीत ते वेळेवर मिळत नाहीत. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर करायचा असतो. पैसे आधार जोडलेल्या खात्यात येतात, म्हणून बँकेत जाऊन तुझं खातं आधारशी जोडलेलं आहे याची खात्री करून घे. मंजूर झालेले पैसे नुसत्या या एका कारणाने अडकलेली पोरं मी दर वर्षी पाहिली.

हजेरी ८० टक्के लागते. त्याखाली गेलीस तर परीक्षेला बसता येत नाही. सुगीच्या दिवसांत कामासाठी घरी ठेवू नकोस, हे आईला आधीच सांगून ठेव.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दोन वर्षं झाली, प्रमाणपत्र हातात आलं की एखादा कंत्राटदार दारात येईल. ‘ट्रेनी म्हणून घेतो, अप्रेंटिसपेक्षा दोन हजार जास्त देतो’, म्हणेल. जाऊ नकोस. अप्रेंटिसशिप कर. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना अप्रेंटिस घ्यावेच लागतात. २०१९ च्या नियमांत आयटीआय झालेल्यांना महिना किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरलं. रक्कम थोडी वाटेल. पण नोंदणी झालेला करार, वर्षभर मोठ्या पॅनलवर काम आणि शेवटी परीक्षा देऊन मिळणारं राष्ट्रीय प्रमाणपत्र, हे त्या ‘ट्रेनी’ला कधीच मिळत नाही. माझ्या हाताखालून गेलेली जी पोरं आज पर्मनंट आहेत, त्यांतली बहुतेक हे एक वर्ष रडतखडत का होईना, पुरं करणारी आहेत. ओझरची एचएएल, रेल्वेच्या कार्यशाळा, आयुध निर्माण्या, महावितरण यांच्या अप्रेंटिसच्या जाहिराती निघत असतात. निकालाची वाट न बघता दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीपासूनच त्यांच्यावर नजर ठेव. आईला आत्ताच सांग, शिक्षण दोन वर्षांचं नाही, तीन वर्षांचं आहे. घरचा हिशेब तीन वर्षांचा मांडा.

रविवारी मूळ कागद आणि विकल्पांची प्रिंट घेऊन ये. कायम करण्याआधी एकदा मला दाखव.