‘च’ आणि ‘ही’ : वाक्यातील अवधारणाचे स्थान

ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीखाली लाल रेघ पडते. ‘च’ किंवा ‘ही’ भलत्या शब्दाला जोडले गेले, तर बहुधा पडत नाही. कारण वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष राहते आणि बदलतो तो अर्थ. म्हणूनच विद्यार्थ्यांच्या लेखनात हा दोष वर्षानुवर्षे टिकून राहतो.

परंपरागत व्याकरणात यांची गणना शुद्ध शब्दयोगी अव्ययांत होते. ‘झाडाखाली’ या रूपात ‘झाड’चे सामान्यरूप झाले आहे, ‘झाडच’, ‘झाडही’ यांत ते झालेले नाही. मात्र हा झाला रूपाचा विचार. कार्य पाहिले तर ही अव्यये विधानाची व्याप्ती ठरवतात : ‘च’ इतरांना वगळतो, ‘ही’ इतरांना सामावून घेतो.

जळगाव जिल्ह्यातील एखाद्या शेतकऱ्याच्या शेतात केळी आणि कापूस अशी दोन पिके आहेत. गारपिटीनंतर तो अर्ज लिहितो. पुढील वाक्ये पाहा.

(अ) माझ्या केळीचे नुकसान झाले.
(आ) माझ्या केळीचेच नुकसान झाले.
(इ) माझ्या केळीचेही नुकसान झाले.
(ई) माझ्याच केळीचे नुकसान झाले.

(आ) लिहिणाऱ्याने कापूस वाचल्याचे स्वतःहून कबूल केले आहे. (इ) मध्ये आणखी कशाचे तरी नुकसान झाले आहे, पण ते कशाचे हे आधीच्या वाक्यात आले नसेल तर वाचणारा अधिकारी संभ्रमात पडेल. (ई) मध्ये शेजाऱ्यांची केळी सुरक्षित ठरली. कदाचित अर्जदाराला केवळ जोर द्यायचा असेल. बोलताना आवाजाच्या आघाताने ते साधते. कागदावर आघात उमटत नाही, उमटते ते फक्त अव्ययाचे स्थान.

१९१६ पासूनच्या तत्त्वज्ञान मंदिरामुळे दर्शनशास्त्राची परिभाषा अमळनेरला नवी नाही. त्या परंपरेत संस्कृत ‘एव’चा सूक्ष्म विचार झाला आहे. ‘शंख पांढराच’ यात ‘एव’ विशेषणाला जोडलेला आहे : शंखाला पांढरेपणा नाही, ही शक्यता दूर होते (अयोगव्यवच्छेद). ‘अर्जुनच धनुर्धर’ यात तो विशेष्याला जोडलेला आहे : अर्जुनाहून इतर वगळले जातात (अन्ययोगव्यवच्छेद). तिसऱ्या प्रकारात तो क्रियापदाला जोडला जातो : कमळ कधी निळे नसतेच, ही शंका फेटाळली जाते (अत्यंतायोगव्यवच्छेद). येथे मराठीने सावध राहावे. ‘कमळ निळे असतेच’ असे शब्दशः भाषांतर केले, तर प्रत्येक कमळ निळे ठरते. मराठीला तेथे ‘कमळ निळेही असते’ असेच म्हणावे लागते. संस्कृतातील एका ‘एव’चे काम आपण दोन अव्ययांत वाटून घेतले आहे.

महाराष्ट्री प्राकृतात अवधारणासाठी ‘च्चिअ’, ‘च्चेअ’ अशी रूपे आढळतात, जुन्या मराठीत ‘चि’. तेव्हा आपल्या ‘च’चा अर्थ संस्कृतातील ‘च’ म्हणजे ‘आणि’ याच्याशी जोडू नये.

खानदेशात आणखी एक अडचण संभवते. येथील बाजारपेठेत मराठी, अहिराणी यांच्याबरोबर हिंदी आणि गुजराती कानावर पडते. गुजरातीतील ‘ज’ आपल्या ‘च’चे काम करतो, त्यामुळे त्याने फसगत होत नाही. हिंदीचा ‘ही’ मात्र फसवा आहे : त्याचा अर्थ मराठी ‘च’, आणि मराठी ‘ही’चा अर्थ हिंदीत ‘भी’. हिंदी परिपत्रकावरून मराठी सूचना करताना ‘मूळ प्रमाणपत्रच स्वीकारले जाईल’ याऐवजी ‘मूळ प्रमाणपत्रही स्वीकारले जाईल’ असे लिहिले गेले, तर नियम उलटा होतो आणि छायाप्रत घेऊन आलेला विद्यार्थी रांगेतून परत जातो.

‘फक्त नोंदणीकृत विद्यार्थ्यांनाच’ यातील द्विरुक्ती बोलण्यात खपते. लेखनात ‘फक्त’ आणि ‘च’ यांपैकी एक पुरे. ‘हाच एकमेव मार्ग आहेच’ अशा वाक्यात तर तीनदा जोर दिल्याने नेमका कशावर जोर आहे, हेच कळेनासे होते.

स्वयं-अध्ययन : ‘ग्रंथपालांनी मुलींना नवी पुस्तके दिली’ या वाक्यातील प्रत्येक पदाला आळीपाळीने ‘च’ जोडा आणि प्रत्येक वेळी कोण किंवा काय वगळले गेले, ते एका वाक्यात लिहा. नंतर हेच ‘ही’ जोडून करा. ‘दिलीही’ या रूपाला अर्थपूर्ण करण्यासाठी आधी कोणते वाक्य असावे लागेल, ते स्वतः रचा.